चार तासांचे घड्याळ

‘आता आमच्या हातात काही राहिलेले नाही. घरी घेऊन जा आणि सेवा करा.’ डॉक्टरांच्या तोंडचे हे वाक्य कधीच ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. नातेवाईक मान डोलावतात, गाडी ठरवतात आणि निघतात. ‘सेवा करा’ म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. गावात अशा वेळी हॉस्पिटलची फाईल घेऊन लोक पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. ‘यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा’, म्हणतात.

या वाक्याकडे आपण जरा तपासणीच्या नजरेने पाहू. ‘रोग बरा होणार नाही’ हे एक विधान झाले. ‘करण्यासारखे काही नाही’ हे दुसरे. पहिले खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. पण वैद्यकाने बराच काळ ही दोन विधाने एकच धरली. त्यांची फारकत कशी झाली, हा इतिहास फार जुना नाही. त्याची सुरुवात कोणत्याही नव्या औषधाच्या शोधाने झाली नाही. औषध जुनेच होते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकांनी ते देण्याची वेळ बदलली, तिथून हा बदल सुरू झाला.

एकाच व्यक्तीची तीन शिक्षणे

सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८ साली लंडनजवळच्या बार्नेटमध्ये झाला. त्या ऑक्सफर्डला शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. शिक्षण अर्धवट टाकून १९४० मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी स्थापन केलेल्या विद्यालयात, परिचारिका होण्यासाठी दाखल झाल्या. शिक्षण पुरे झाले, पण पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले. मग राहिलेली पदवी घेऊन त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या.

या कामात त्यांची डेव्हिड तास्मा या रुग्णाशी ओळख झाली. वॉर्सातून आलेला हा चाळिशीचा ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. लंडनमध्ये त्याचे जवळचे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्याजवळ जाऊन बसत. अशा माणसांसाठी एखादे वेगळे घर असावे, तिथे वेदना कमी करणारी माणसे असावीत आणि ऐकून घेणारीही, असे त्यांचे बोलणे होई. १९४८ च्या फेब्रुवारीत तास्मा वारला. जाताना त्याने साँडर्सना ५०० पौंड ठेवले. तुमच्या त्या घराची एक खिडकी माझी, असे सांगून. घर उभे राहायला मग १९ वर्षे लागली.

त्याच वर्षी साँडर्स लंडनमधल्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न गरिबांसाठीच्या रुग्णालयात संध्याकाळी विनावेतन शुश्रूषेला जाऊ लागल्या. तिथली एक रीत त्यांच्या लक्षात आली. इतर रुग्णालयांत रुग्ण विव्हळू लागला, विनवू लागला, की मॉर्फिनचे इंजेक्शन मिळे. सेंट ल्यूक्समधल्या परिचारिका मॉर्फिन तोंडाने देत आणि दर चार तासांनी देत. दुखणे परत येण्याची वाट त्या पाहत नसत. इथले रुग्ण गुंगीत पडलेले नसत. ते बोलत, जेवत, पाहुण्यांना भेटत.

ही रीत इतर रुग्णालयांत नेण्याइतके वजन परिचारिकेच्या शब्दाला नव्हते. सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सुचवले, की तुम्ही डॉक्टरच व्हा. मरणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी साँडर्सनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे लंडनच्या हॅकनी भागातल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिस या जोगिणींनी चालवलेल्या संस्थेत त्यांनी सात वर्षे काम केले. ठरावीक वेळी मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी तिथे सुरू केली आणि हजाराहून अधिक रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. जे परिचारिकांना अनुभवाने माहीत होते, त्याला असा आकड्यांचा आधार मिळाला.

हिशोब वहीत करून पाहू

मॉर्फिन हा अफूतला मुख्य वेदनाशामक घटक. जर्मनीतल्या सेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने तो १८०५ च्या सुमारास वेगळा काढला. म्हणजे साँडर्स यांच्या वेळी हे औषध दीडशे वर्षांचे होते. मग ते द्यायला डॉक्टर कचरत का होते? कारणे दोन. एक, औषध शरीरात साचत जाईल आणि श्वास मंदावेल. दोन, रुग्णाला त्याचे व्यसन लागेल.

पहिली शंका नववी-दहावीच्या मुलांनाही तपासता येईल. रक्तातले मॉर्फिन साधारण दोन-तीन तासांत निम्मे होते. हिशोब सोपा जावा म्हणून दोन तास धरू. १०० एकक औषध दिले, तर चार तासांनी २५ उरेल. तेव्हा पुन्हा १०० दिले, की १२५ होईल. आणखी चार तासांनी त्यातले ३१ उरेल. पुन्हा १०० दिल्यावर १३१. पुढच्या खेपेला १३३ च्या आसपास, आणि त्यानंतरही १३३ च्या आसपासच. मुलांना आलेख काढायला लावा. रेषा सुरुवातीला थोडी चढेल आणि मग एका पट्ट्यात वरखाली होत राहील. जितके औषध आत जाते तितकेच चार तासांत बाहेर पडते. प्रत्यक्ष शरीर इतके सरळ नसते. औषध आतड्यातून हळूहळू शोषले जाते, आणि मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर सगळा हिशोब बदलतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पण आलेखाची जात हीच.

आता दुसरा आलेख काढू. यात रुग्ण कळवळेपर्यंत थांबायचे. पातळी खाली जाते आणि दुखणे उसळते. रुग्ण हाक मारतो. परिचारिका डॉक्टरांना विचारते. अर्धा-पाऊण तास जातो. उसळलेले दुखणे दाबायला जास्त औषध लागते, मग रुग्ण गुंगीत जातो. गुंगी उतरते तेव्हा दुखणे पुन्हा दारात उभे. म्हणजे रुग्ण एक तर तळमळत असतो, नाही तर झोपलेला. या दोहोंच्या मधले, शुद्धीवर असून न दुखणारे आयुष्य त्याच्या वाट्याला येतच नाही.

व्यसनाच्या शंकेचे उत्तरही याच आलेखात आहे. दुखून दाखवल्याशिवाय औषध मिळणार नाही असे कळले, की कोणताही माणूस घड्याळाकडे डोळे लावून बसेल आणि औषधासाठी गयावया करील. पाहणाऱ्याला ते व्यसन वाटते. प्रत्यक्षात ती आपल्याच पद्धतीने लावलेली सवय असते. औषध ठरल्या वेळी न मागता येऊ लागले, की मागण्याची गरजच उरत नाही. साँडर्स यांच्या नोंदींत व्यसनाची अडचण आढळली नाही. याचा अर्थ हे औषध कुणालाही, कशासाठीही द्यावे असा नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अफूवर्गीय गोळ्या पाठदुखीपासून कशासाठीही सढळ हाताने लिहून दिल्या जाऊ लागल्या, आणि तिथे व्यसनाची मोठी आपत्ती ओढवली. तेव्हा औषध कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे प्रश्न सुटत नाहीत. पण कर्करोगाच्या अखेरच्या वेदनेत मॉर्फिन नाकारायला त्यांचा आधार घेता येत नाही.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातली मुख्य सूत्रे अशी: औषध शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, आणि साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने जा. सेंट ल्यूक्सच्या परिचारिकांची रीत आता जगाची रीत झाली.

औषधापलीकडचे दुखणे

रुग्णांचे ऐकता ऐकता साँडर्सना आणखी एक गोष्ट जाणवली. ‘कुठे दुखते?’ या प्रश्नाला रुग्ण शरीराचा भाग तर सांगतच, पण मुलांची काळजी, संपलेले पैसे, आपण घरच्यांना ओझे झालो ही खंत, आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न, सगळे एकातच गुंफून सांगत. या सगळ्याला त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ असे नाव दिले. मॉर्फिन शरीराच्या वेदनेपुरते. बाकीच्यासाठी परिचारिका, समाजसेवक, धर्मगुरू, स्वयंसेवक आणि घरची माणसे मिळून काम करायला हवे.

१९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट क्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. तास्माची खिडकी तिथे आहे. उपचार, शिक्षण आणि संशोधन तिन्ही एका छताखाली करणारी ही पहिली आधुनिक संस्था. दोन वर्षांत तिथल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. येल विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वाल्ड यांनी साँडर्स यांचे व्याख्यान १९६३ मध्ये ऐकले होते. पुढे त्यांनी आपले पद सोडले, लंडनला येऊन काम शिकल्या आणि कनेटिकटमध्ये अमेरिकेतले पहिले हॉस्पिस उभे करण्यात पुढाकार घेतला. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बॅल्फर माउंट या सर्जनने १९७० च्या दशकाच्या मध्यास या कामाला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांघरूण. थंडी थांबवता येत नसेल, तर पांघरूण घालता येते. मराठीत याला परिहार सेवा म्हणतात.

अशी सेवा घेणे म्हणजे लवकर मरण पत्करणे, असा एक समज आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून परिहार सेवाही दिली. अखेरच्या दिवसांत त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले, तरी ते मध्यमानाने ११.६ महिने जगले. इतर रुग्ण ८.९ महिने. पुढच्या सर्वच अभ्यासांत आयुष्य वाढलेले दिसले नाही. पण उरलेले दिवस अधिक सुसह्य होतात हे पुन्हा पुन्हा दिसले आहे.

अफूचा देश, मॉर्फिनचा दुष्काळ

आपल्याकडे या कामाची सुरुवात मुंबईत झाली. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना आश्रम हे भारतातले पहिले हॉस्पिस सुरू केले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. पण नेमके त्याच्या आदल्या वर्षी अमली पदार्थांवरचा कडक कायदा आला होता. मॉर्फिनची एक बाटली मिळवायला अनेक खात्यांचे परवाने लागू लागले आणि नोंदवहीतल्या चुकीलाही जबर शिक्षेची भीती होती. औषधाच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि औषधांसाठी परदेशी जाते, त्याच देशातले रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत होते. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागले.

या अडचणींतूनही केरळने वाट काढली. १९९३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा दवाखाना सुरू केला. तिथून गावोगाव स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. २००८ मध्ये केरळने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. आज तिथे पंचायतीची परिचारिका औषधांची पिशवी घेऊन रुग्णाच्या घरी जाते, जखमा धुते, मलमपट्टी करते, नळी बदलते आणि घरच्यांना शिकवते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९६ पासून असा विभाग आहे. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही परिहार सेवेचा समावेश आहे. यादीतली सेवा दारापर्यंत पोहोचायला मात्र तिची मागणी व्हावी लागते.

वाचा गेल्यावर कोणाला विचारायचे?

आतापर्यंतचा रुग्ण बोलू शकणारा होता. जो बोलूच शकत नाही, त्याचे काय?

१९५० नंतर कृत्रिम श्वसनाची यंत्रे आली आणि असंख्य प्राण वाचले. पण मेंदू परत येण्याची आशा नसतानाही श्वास चालू ठेवणे त्यांच्यामुळे शक्य झाले. १९७५ मध्ये न्यू जर्सीतली २१ वर्षांची केरेन अॅन क्विन्लन बेशुद्ध झाली ती उठलीच नाही. यंत्र काढावे असे आईवडील म्हणाले. रुग्णालय तयार होईना. १९७६ मध्ये न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. यंत्र काढल्यावर ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये वारली. शिकागोचे वकील लुइस कुटनर यांनी त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, एक कल्पना मांडली होती. माणूस मृत्युपत्र करून मालमत्तेची व्यवस्था लावतो. तसे शुद्धीवर असताना आपल्या अखेरच्या उपचारांबद्दलही लिहून का ठेवू नये? क्विन्लनच्या निकालाच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असा कायदा केला.

आपल्याकडे हाच प्रश्न एका परिचारिकेच्या निमित्ताने उभा राहिला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्या जागीच अमानुष हल्ला झाला. मेंदूला रक्त न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची जवळजवळ ४२ वर्षे, म्हणजे १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. आधीची फळी निवृत्त झाली, नवी आली, पण अरुणाताईंच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. हालचाल नसलेल्या रुग्णाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी घरी केले आहे त्यांनाच कळेल.

त्यांना जगवून ठेवणे थांबवावे अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. परिचारिकांचा तिला ठाम विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मात्र काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, कृत्रिम उपचार थांबवता येतील हे प्रथमच मान्य केले. दोन्ही बाजूंच्या माणसांना अरुणाताईंबद्दल कळकळच होती. पण त्यांची स्वतःची इच्छा काय, हे कोणीच सांगू शकत नव्हते. पंचविशीतल्या, लग्न ठरलेल्या मुलीला हे कोण विचारणार? तो प्रश्न विचारण्याची वेळ २७ नोव्हेंबर १९७३ च्या आधीच होती.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे आणि पुढची प्रक्रियाही जिकिरीची होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात द्यायची. पुढे रुग्ण बोलू शकत नसेल आणि बरा होण्याची आशा नसेल, तर डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक तपासणी करतात आणि मगच त्या पत्राप्रमाणे वागता येते. इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येते. इंजेक्शन देऊन मरण घडवणे हा मात्र आजही गुन्हाच आहे. निष्फळ ठरलेले यंत्र थांबवणे आणि जीव घेणे यांत कायदा फरक करतो. आणि यंत्र थांबले तरी वेदनाशमन व शुश्रूषा थांबत नाही.

कागद आणि बोलणे

मग कागद केला, की काम झाले का? याचीही तपासणी झालेली आहे. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांतल्या ९,००० हून अधिक गंभीर रुग्णांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याची खटपट नको, असे ज्या रुग्णांना वाटत होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या डॉक्टरांना ते माहीतच नव्हते. दुसऱ्या टप्प्यात खास प्रशिक्षित परिचारिका नेमल्या आणि त्यांनी रुग्णांची मते डॉक्टरांपर्यंत पोहोचवली. तरीही फरक पडला नाही. माहिती पोहोचली, पण रुग्णालयाचा गाडा ठरल्या चाकोरीतच चालत राहिला.

मेलबर्नमधला २०१० चा अभ्यास वेगळे सांगतो. तिथे ८० वर्षांवरच्या ३०९ रुग्णांपैकी निम्म्यांशी प्रशिक्षित परिचारिका व सहकाऱ्यांनी निवांत बसून, शक्यतो घरच्यांना बरोबर घेऊन, बोलणी केली आणि ती नोंदवली. पुढच्या सहा महिन्यांत जे वारले, त्यांच्यापैकी बोलणी झालेल्या ८६ टक्के रुग्णांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. बोलणी न झालेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. बोलणी झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना मागे राहणारा ताण आणि खिन्नताही कमी आढळली. ‘आम्ही चुकीचे तर केले नाही ना?’ हा प्रश्न त्यांना कमी छळत होता.

आमच्या मते दोन्ही इतिहासांचे सार एकच आहे. दुखणे उसळल्यावर औषध शोधायला धावणे आणि वाचा गेल्यावर ‘यांना काय हवे होते?’ असे एकमेकांना विचारणे, या एकाच जातीच्या चुका आहेत. दोन्हींत वेळ आधीची होती. आपल्याकडे ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून ती जाऊ दिली जाते. पण सेंट ल्यूक्सच्या परिचारिका चार तासांच्या घड्याळाकडे पाहून औषध घेऊन निघत, तेव्हा त्या दुखण्याला आमंत्रण देत नव्हत्या. ते येणार हे ओळखून आधी पोहोचत होत्या.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी फाईल घेऊन आपल्याकडे आले, तर ती वाचून दाखवून थांबू नका. दुखण्यावर काय लिहून दिले आहे, किती तासांनी द्यायचे, रात्रीचे काय, मॉर्फिनमुळे हमखास होणाऱ्या बद्धकोष्ठावर औषध दिले आहे का, घरी येणाऱ्या सिस्टर जवळपास कुठे आहेत, हे डॉक्टरांना विचारून यायला सांगा. आणि एक प्रश्न त्यांना आपण विचारा: तुम्ही हे सगळे ठरवता आहात, पण आजोबा अजून बोलतात ना? मग त्यांना विचारलेत का?